२,४०० औजारं डेटाबेसात, गूगलला ठाऊक फक्त १९

अहमदपूरचा_आडती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी अहमदपूरचा, जिल्हा लातूर. मोंढ्यात आमची आडत आहे. त्याच्या जोडीला वडिलांपासून एक धंदा चालत आलाय, जुन्या औजारांचा सौदा जुळवून द्यायचा. ट्रॅक्टर, ट्रॉली, हडंबा, रोटाव्हेटर, पल्टी नांगर, कडबाकुट्टी, जे येईल ते. वडिलांच्या सात वह्या होत्या. कुणाकडं काय आहे, कोणत्या सालचं, टायर किती घासलेत, मालक किती म्हणतोय आणि खरं कितीला सोडंल, सगळं त्यात.

चार महिन्यांखाली त्या वह्या आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचा माल असं एकत्र करून वेबसाइट काढली. लातूरला शिकणाऱ्या एका पोरानं पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये करून दिली. सगळ्या २,४०० नोंदी एक्सेल करून एकाच रात्री चढवल्या. मुखपृष्ठावर तीन खाने आहेत: जिल्हा, तालुका, औजार. निवडलं की 'शोधा' दाबायचं, यादी येते. खाली 'नवीन आलेली १५ औजारं' दिसतात. साइट चालते झकास, आमच्या मातोश्रीसुद्धा वापरायल्यात.

अडचण ही की गूगलवर काही म्हणजे काही येईना. गूगलात 'साइट' कोलन आणि आमचा पत्ता टाकून बघितलं तर १९ पानं. सर्च कन्सोल (गूगलला आपली साइट कशी दिसते ते सांगणारं त्याचंच साधन) जोडलं, त्यातही १९ इंडेक्स, म्हणजे गूगलच्या यादीत, आणि ३१२ 'नॉट इंडेक्स्ड'. त्या ३१२ मध्ये २५४ समोर 'डुप्लिकेट' लिहिलंय आणि ५८ समोर 'सॉफ्ट ४०४'. पोरगं आता पुण्याला नोकरीला लागलंय, फोन उचलतंय पण रविवारीच.

दुसरीकडं एक जण रोज फोन करायलाय, महिन्याला आठ हजार द्या, तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणतो, गूगलशी आमचं टायअप आहे म्हणतो. घ्यावं का? दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघतं, तेव्हा हडंब्याला खरी मागणी. त्याच्या आत काम व्हावं एवढीच इच्छा.

कोडवाला_परळी

साइटमॅप (साइटवरच्या पत्त्यांची फाइल) टाका, विषय संपला. आणि गूगलची इंडेक्सिंग एपीआय, म्हणजे पानं थेट कळवायची सोय, वापरा, एका दिवसात पानं चढतात. यूट्यूबवर आहे सगळं.

गोदाकाठची (नांदेड)

दादा, त्या टायअपवाल्याचा फोन आधी बंद करा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच आपल्या मदतपानावर लिहून ठेवलंय. आठ हजारांत घरातल्या लेकराला महिनाभर बसवलं तरी तुमचं काम होईल.

परळीच्या भावाला: इंडेक्सिंग एपीआय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या व्हिडिओंसाठी आहे. औजारांसाठी नाही. साइटमॅपचं सांगितलंत ते बरोबर, पण तो शेवटी.

आता मुद्दा. तुमचे आकडे मी जरा मांडून बघितले. १९ मधून मुखपृष्ठ, संपर्क, आमच्याविषयी आणि अटींचं पान सोडलं तर उरतात १५. ती कोणती असतील? 'नवीन आलेली १५'! ताडून बघा, एखाददुसरं इकडंतिकडं होईल. गूगलला एकूण पत्ते माहीत आहेत १९ आणि ३१२, म्हणजे ३३१. तुमच्या २,४०० नोंदींपैकी बहुतेकींना त्यानं नाकारलेलं नाही, त्या आहेत हेच त्याला कुणी सांगितलेलं नाही. दुखणं दोन्हीकडं वेगळं, औषधही वेगळं.

का माहीत नाही, तर बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, तुमच्या त्या तीन खान्यांत काही निवडत नाही आणि 'शोधा' दाबत नाही. तो लिंकवरनं चालतो. साधी, 'एचरेफ' (पुढच्या पानाचा पत्ता) असलेली लिंक. तुम्ही लातूरचे, तुम्हाला गंजगोलाई सांगायला नको. मधे गोल, त्यातून १६ रस्ते फुटलेत आणि ज्या त्या रस्त्याला आपापला बाजार. अनोळखी माणूससुद्धा चालत चालत सराफ्यात किंवा कापडाच्या ओळीत पोचतो, कुणाला विचारायची गरज पडत नाही. तुमच्या साइटला गोलाई आहे, रस्तेच नाहीत. दारात एक माणूस बसवलाय, त्याला नाव सांगितलं तरच तो माल आणून दाखवतो. आलेल्या गिऱ्हाइकाला ते चालतं, बॉट तोंडच उघडत नाही.

म्हणून खाने राहू द्या, पण त्यांच्या खाली साध्या लिंकांची यादी द्या. जिल्हा, त्याच्या आत तालुके, तालुक्याच्या पानावर तिथली औजारं, आणि तिथून एकेका नोंदीचं पान. उलटी वाटही हवी, म्हणजे 'हडंबा' या पानावरून सगळे जिल्हे. तीन-चार टिचक्यांत कोणत्याही नोंदीपाशी पोचता आलं पाहिजे. यादी लांबली तर '२, ३, ४' अशी पानं करा, त्यांनाही खऱ्या लिंका द्या. खाली सरकवलं की आपोआप आणखी येतं, तसलं नुसतं ठेवू नका, बॉट सरकवत नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा कॅनॉनिकल ('या मजकुराचा खरा पत्ता हा' असं गूगलला सांगणारा टॅग) पहिल्या पानावर लावायची चूक सगळे करतात. ज्या त्या पानाचा कॅनॉनिकल त्याचा त्यालाच.

इथं मी स्वतः कशी तोंडावर आपटले ते सांगते, म्हणजे तुम्ही वाचाल. मी मूळची डीटीपीवाली. ऑफसेट प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवता जुळवता पीएचपी शिकले. जालन्याच्या एका बियाणांच्या दुकानाचा कॅटलॉग केला, तेव्हा मला वाटलं जितक्या लिंका तितकं चांगलं. प्रत्येक फिल्टरची लिंक केली. तुमच्याच साइटवर तो हिशेब करा: मराठवाड्यात ८ जिल्हे, ७६ तालुके. औजारांचे प्रकार समजा १४. झाली १,०६४ पानं. त्याला किमतीचे ५ गट लावा, ५,३२०. त्याला 'स्वस्त आधी, महाग आधी, नवं आधी, जुनं आधी' असे ४ क्रम लावा, २१,२८०. माल तेवढाच आणि पत्ते एकवीस हजार, त्यातली निम्मी पानं 'काही सापडलं नाही' म्हणणारी. माझ्या त्या साइटवर बॉट याच भुलभुलैयात फिरत राहिला, खऱ्या वाणांच्या पानांकडं फिरकला नाही, आणि स्वस्तातल्या होस्टिंगवाल्यानं 'फार प्रोसेसर खाताय' म्हणून साइट बंद केली. ऐन पेरणीत. दुकानदार काका मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

घाबरून मी दुसरी चूक केली. त्या पानांवर 'नोइंडेक्स' ('हे पान यादीत घेऊ नका' अशी खूण) लावला आणि त्याच वेळी रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे बॉटनं कुठं जायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ते पत्ते अडवले. अडवल्यावर बॉट आत जाणारच नाही, मग नोइंडेक्स वाचणार कधी? कित्येक महिने नुसते पत्ते, खाली वर्णन नाही, असे गूगलवर लोंबत होते. दोन्हीपैकी एकच करायचं असतं. आधीच इंडेक्स झालेली काढायची असतील तर नोइंडेक्स लावून वाट मोकळी ठेवा, ती उतरली की मग अडवा. तुमच्याकडं अजून तसली पानं नाहीत, तर किंमत आणि क्रम यांच्या लिंका करूच नका आणि ते पत्ते पहिल्यापासून रोबोट्समध्ये अडवा. तालुका आणि औजार यांची जोडी फक्त तेव्हाच पान होऊ द्या जेव्हा तिथं दोन-तीन तरी नोंदी असतील.

आता ते २५४ 'डुप्लिकेट'. सर्च कन्सोलमध्ये त्यातला एखादा पत्ता उघडून बघा. शेवटी 'पीएचपीसेसआयडी' (सेशनचा, म्हणजे एका भेटीचा क्रमांक) आणि लांबलचक अक्षरं दिसतात का? मला खात्री वाटते, कारण १५ पानांची २५० व्हायला दुसरं कारण नाही. बॉट कुकी, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, ठेवत नाही. सर्व्हरला दर खेपेला वाटतं नवीन माणूस आला, म्हणून नवा क्रमांक काढून तो प्रत्येक लिंकला चिकटवतो. तेच पान, दर वेळी नवा पत्ता. पीएचपीमध्ये 'ट्रान्स एसआयडी' नावाची सेटिंग असते ती बंद करा, पाच मिनिटांचं काम. शिवाय प्रत्येक नोंदीच्या पानावर कॅनॉनिकल टॅग लावा. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनी मिळून २००९ साली तो आणला तो अशाच भानगडींसाठी. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये 'हा पॅरामीटर दुर्लक्षित करा' असं सांगायची सोय होती, जुन्या लेखांत अजून तिचा सल्ला सापडेल. ती २०२२ मध्ये काढून टाकली, शोधत बसू नका.

५८ सॉफ्ट ४०४ म्हणजे विकलेली, तुम्ही डिलीट मारलेली औजारं. पानावर 'नोंद सापडली नाही' असं येतं, पण सर्व्हर मागून २०० म्हणजे 'सगळं ठीक' असा निरोप देतो. तोंडानं नाही म्हणायचं आणि मान हो म्हणून हलवायची. नोंद नसेल तर खरा ४०४, म्हणजे 'पान नाही' हा निरोप, जाऊ द्या.

एक विचारायचं राहिलं. २,४०० मध्ये वह्यांतल्या नोंदी आहेत म्हणालात, मग आज खरंच विकायला आहेत अशा किती? आणि एखाद्या औजाराचं वर्णन कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करून बघा, काय येतं सांगा.

अहमदपूरचा_आडती

ताई, दंडवत. १५ ची गोष्ट शंभर टक्के खरी निघाली, तेच आहेत. सेशनचं पण खरं, प्रत्येक पत्त्याच्या शेवटी हे एवढं शेपूट. रविवारी पोराला धरलंय.

पेस्ट करून बघितलं आणि डोकंच फिरलं. साइटवर छान मराठी दिसतं, पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर असला चिवडा. वह्या आम्ही डीटीपीच्या दुकानातून टाइप करून घेतल्या होत्या. तुम्हाला हे घरबसल्या कसं कळालं?

आणि जिवंत नोंदी... काल रात्री बसून मोजल्या. ८८० भरल्या. बाकीच्यांतले काही मालक पण राहिले नाहीत हो. वडिलांचं अक्षर म्हणून काढवत नव्हतं.

गोदाकाठची

कळालं कारण मी आयुष्याची बारा वर्षं तसलंच टाइप केलंय दादा. श्री-लिपी, कृतिदेव, हे जुने फॉन्ट म्हणजे मुखवटे. आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. तुमच्या पोरानं तो फॉन्ट साइटवर टाकला म्हणून डोळ्याला मराठी दिसतंय. गूगल मुखवटा बघत नाही, त्याच्या दृष्टीनं तुमची ८८० वर्णनं म्हणजे अर्थहीन कचरा. हे सगळ्यात आधी करा, लिंकांच्याही आधी. फॉन्टचं नाव नेमकं शोधा, त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा आणि नंतर माणसानं एकदा नजर घाला. रफार, 'ऱ्य' आणि ऱ्हस्व इकार हमखास इकडंतिकडं होतात. 'टायर घासलेत'चं 'टायर घसालेत' झालं तर गिऱ्हाईक हसेल, पण 'दुरुस्ती केलेली'तला एखादा शब्द उडाला तर भांडण होईल.

टेबलाची अक्षरं साठवायची पद्धत 'यूटीएफ८एमबी४' करा. साध्या 'यूटीएफ८'मध्ये मराठी बसतं, कारण देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटांचं आणि मायएसक्यूएलचा तो जुना प्रकार तीनच बाइट घेतो. पण मालकानं वर्णनात एक ट्रॅक्टरचा इमोजी टाकला की चार बाइट लागतात आणि नोंद अडते नाहीतर अर्धी कापली जाते. बदलण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. मी घेतला नव्हता, तो किस्सा पुन्हा कधी.

वह्या काढू नका. कपाटात ठेवा, साइटवर नको. जे विकायला नाही ते गूगलला दाखवून काय मिळणार? उलट दीड हजार मेलेली पानं बघून बॉटचं तुमच्याबद्दलचं मत बिघडेल.

शीर्षकाचं विसरले. सगळ्या पानांवर 'जुनी औजारे मराठवाडा' हेच असणार, पोरं टेम्पलेटमध्ये एकदा लिहितात आणि सोडतात. ते डेटाबेसातून बनवा: औजार, कंपनी किंवा मॉडेल, साल, गाव, तालुका. 'महिंद्रा ५७५ ट्रॅक्टर, २०१६, शिरूर ताजबंद, ता. अहमदपूर'. आणि वह्यांत ते 'टायर किती घासलेत' आहे ना, तेच वर्णनात येऊ द्या. ८८० पानांवर नुसतं नाव आणि फोन नंबर असेल तर ती एकसारखीच दिसणार. तुमच्या वडिलांनी जे टिपलंय ते दुसऱ्या कुठल्याच साइटवर नाही.

सेलूचा_शेतकरी

मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण गिऱ्हाईक म्हणून बोलतो. आडती भाऊ, तुम्ही इथं 'हडंबा' लिहिलं, तुमच्या साइटवर मात्र 'मळणी यंत्र' लिहिलंय, आत्ताच बघून आलो. आमच्याकडं मळणी यंत्र फक्त अनुदानाच्या अर्जावर असतं. मी फोनवर शोधतो तेव्हा 'हडंबा' टाकतो, आणि मराठी कीबोर्ड नसला तर इंग्रजी अक्षरांत हडंबा. माझं पोरगं 'थ्रेशर' म्हणतंय. तिघांचं मशीन एकच.

गोदाकाठची

@सेलूचा_शेतकरी काका, आमच्या धंद्यातले लोक याच कामाचे पैसे घेतात.

दादा, औजारांच्या टेबलाला एक वेगळं टेबल जोडा, 'इतर नावं'. हडंबा, मळणी यंत्र, थ्रेशर. शीर्षकात लोकांचं नाव, वर्णनाच्या पहिल्या ओळीत बाकीची, वाक्यात बसतील अशी. स्वल्पविराम देऊन वीस नावं कोंबायची नाहीत. गावांचंही तसंच करावं लागेल. २०२३ पासून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तुमच्या यादीत जुनं असेल तर बदला. पण जुन्या नावानं शोधणारे पुष्कळ आहेत, तेव्हा जिल्ह्याच्या पानावर जुनं नाव एकदा येऊ द्या. दोन नावांची दोन वेगळी पानं करू नका.

कोडवाला_परळी

पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि आयडी आहे ते पण बदला ना मग. गूगलला प्रश्नचिन्ह चालत नाही.

गोदाकाठची

चालतं. अशा पत्त्यांचं गूगलला वावडं नाही हे त्यांनी २००८ सालीच स्पष्ट केलंय. नव्यानं करायची असती तर मी शब्दांचा पत्ता केला असता, माणसाला वाचायला बरा म्हणून, आणि शेवटी आयडी ठेवला असता म्हणजे शीर्षक बदललं तरी नोंद सापडते. तेही रोमन अक्षरांत. गूगलला देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी केला की एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात, टक्के-ई-शून्य करत. व्हॉट्सॲपवर तो पत्ता बघून लोकांना वाटतं व्हायरस आला. दादांच्या साइटला मात्र आत्ता हात लावू नका. बदललंच तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून ३०१, म्हणजे 'पान नव्या पत्त्यावर गेलं' हा निरोप, लावावा लागेल, आणि रविवार आठवड्यात एकच असतो.

साइटमॅप आता सांगते. हातानं करू नका, डेटाबेसातूनच तयार होऊ द्या, फक्त जिवंत नोंदी. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते बसतात, तुम्हाला एक फाइल जन्मभर पुरेल. 'लास्टमॉड'मध्ये नोंद खरी कधी बदलली ती तारीख द्या. रोज सगळ्यांवर आजची तारीख टाकली तर गूगल तिच्यावर विश्वास ठेवणं सोडतं. 'प्रायॉरिटी' आणि 'चेंजफ्रिक्वेन्सी' तो बघतच नाही. सर्च कन्सोलमध्ये एकदा जोडलं की झालं.

अहमदपूरचा_आडती

(सात आठवड्यांनी)

मंडळी, हिशेब द्यायला आलोय. तीन रविवार लागले. फॉन्ट बदलण्यात एक अख्खा आठवडा, मातोश्रींनी सगळी ८८० वर्णनं वाचली आणि सहा ठिकाणी वडिलांची चूक पण काढली. सेशनचं शेपूट गेलं. तालुक्यांची पानं झाली, ज्या जोडीत दोन नोंदी नाहीत ती बनतच नाही. मुखपृष्ठ उघडायला वेळ लागायचा, पोरानं बघितलं तर 'निवडक औजारं' दाखवायला दर वेळी सगळं टेबल पिसलं जात होतं. ते काढलं आणि तालुक्याच्या रकान्याला इंडेक्स (गूगलचा नव्हे, डेटाबेसातली शोधसूची) लावला, आता टिचकी मारली की उघडतंय.

सर्च कन्सोलमध्ये १९ चे ६४१ झालेत. पहिले तीन आठवडे काहीच हललं नाही, मी धीर सोडला होता. 'हडंबा' आणि तालुक्याचं नाव टाकलं की आम्ही दिसायलोय. ट्रॅक्टरला नाही, तिथं मोठ्या साइट बसल्यात. गूगलवरून बघितलं म्हणणारे ११ फोन आले, दोन सौदे झाले, एक थेट वसमतचा.

आता नवी अडचण. तो वसमतचा हडंबा विकला, पण पान गूगलवर आहे आणि रोज फोन येतोय. डिलीट मारू का?

गोदाकाठची

मारू नका. 'विकला गेला' असं वर मोठ्या अक्षरात टाका, फोन नंबर काढा आणि खाली त्याच भागातले चालू हडंबे दाखवा. पानाला मिळालेलं गिऱ्हाईक वाया कशाला घालवायचं. हंगाम सरला की मग ४१० द्या, म्हणजे 'कायमचं गेलं', आणि साइटमॅपमधून काढा. मातोश्रींना नमस्कार सांगा. कन्व्हर्टरनं किती ठिकाणी 'ऱ्य' खाल्ला ते त्यांना विचारून कळवा, माझ्या एका कामाला हवंय.

अहमदपूरचा_आडती

विचारलं. म्हणाल्या, मोजले नाहीत, दुरुस्त केले.